जवळा ओढायचे हात

बहिणीला जाऊन चार महिने झाले. तिच्याविषयी काही लिहावं म्हणून बसतो आणि पोहण्याचंच आठवतं. त्या आठवणीतही मी तिच्याहून जास्त जागा अडवतो. सवय जुनी आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आमच्या करावे गावात सातवीपुढे शाळा नव्हती. पुढच्या शाळेसाठी आठवडाभर पनवेलला मामाकडे राहायचं आणि शनिवारी होडीने घरी यायचं, असं ठरत होतं. वडील मासेमारी करत. त्यांची एकच अट होती. खाडीत जाळ्यासाठी रोवलेल्या खुंटापासून किनाऱ्यापर्यंत मी पोहून दाखवायचं, नाहीतर शाळा विसरायची. आमच्यासारख्या घरातला तेरा वर्षांचा मुलगा पोहू शकत नाही, ही गोष्ट मी तोवर पुस्तकाआड लपवली होती.

मग पोहायलाही वाचूनच शिकायचं ठरवलं. मास्तरांच्या कपाटात व्यायामाचं एक पुस्तक होतं. त्यातला ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखं छातीवर पोहणं, मी निवडला, कारण त्यात तोंड पाण्याबाहेर ठेवता येईल असं वाटलं. पालथ्या होडीवर पोट टेकून पंधरा दिवस हवेत हात मारले. चित्रं पाठ झाली. पाण्यात उतरलो तेव्हा पाय बरे चालले, पण प्रत्येक हाताबरोबर मी खाली जाऊ लागलो. हात मी पार मांड्यांपर्यंत ओढत होतो. लहानपणापासून वल्हं तसंच ओढलेलं पाहिलं होतं. मांड्यांपाशी गेलेले हात पुढे येईपर्यंत डोकं बुडालेलं असे. दोष मी खाडीच्या गढूळ पाण्याला दिला.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिची शाळा चौथीत सुटली होती. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून बघत होती.

"हात मागं कशाला नेतोस रं? होरी वल्हवतोस का?"

"पुस्तकात जोराने ओढा असं लिहिलंय."

"पुस्तकाला बुरू दे. तू चल माझ्यासंगती."

तिने मला जवळा वाळत घातला होता तिथे नेलं. ती बारीक कोळंबी उन्हात पसरलेली असे आणि संध्याकाळी दोन्ही हातांनी गोळा करावी लागे. "हात पुढं घाल. आता बाजूला फाकव. छातीशी गोला कर. कोपर अंगामागं गेला का जवला सांडला. आता ढीग पुढं सरकव."

सहा दिवस मी जवळा ओढला. ती शेजारणीशी गप्पा मारत बसे. ही आपलं काम फुकट करून घेते आहे, असा मला संशय होता आणि तो खरा होता. वर्गात माझ्या बाकावरचा मुलगा वास सहन न होऊन मागे जाऊन बसला. सातव्या दिवशी पाण्यात हात छातीपाशी थांबले, पुढे सरकले आणि त्यांच्यामागे मीही सरकलो.

परीक्षेच्या दिवशी वडिलांनी मला खुंटापाशी होडीतून उतरवलं. बहीण साडीचा काष्टा घट्ट करून माझ्या मागे पोहत होती. अर्धं अंतर झकास गेलं. तेवढ्यात मी स्वतःच्या हातांचं मनातल्या मनात कौतुक करू लागलो, ते मांड्यांपर्यंत गेले आणि मी भरपूर खारं पाणी प्यायलो.

"जवला सांडला," ती मागून म्हणाली.

मी हात आवरले. किनाऱ्याच्या चिखलात उभा राहून धापा टाकत शाबासकीची वाट पाहिली. वडील होडीतून उतरले आणि माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिले. एवढं अंतर बोलत बोलत येऊनही तिला दम लागला नव्हता.

"शालेत हिलाच पाठवायला पायजे होती," ते म्हणाले.

ते खरंच बेत बदलतील अशी मला भीती वाटली. मी घाईघाईने म्हणालो, "अट मला घातली होती."

ती पदर पिळत होती. पिळलेला पदर खोचून म्हणाली, "हो बाबा. त्यालाच घातली हाय."

जूनमध्ये मी पनवेलला गेलो.