शेपटीवरची लाल रेघ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं असं तो म्हणतो — हे नाही कळलं.

मी विरारच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. चांगलं शिकवते, उगाच विनय कशाला? फळ्यावर मेंदूची आकृती पुस्तकाकडे न बघता काढते. जे बोलते ते ठामपणे बोलते, आणि लोक माना डोलावतात. हा ठामपणाच सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

पीएच.डी.ला माझा विषय होता मायक्रोवेव्ह लहरी आणि उंदरांची स्मरणशक्ती. मोबाईलच्या टॉवरमधून निघतात त्याच जातीच्या लहरी. चोवीस उंदीर होते. बारांवर रोज तासभर लहरी सोडायच्या, बाकीच्या बारांना त्याच पेटीत, पण यंत्र बंद ठेवून बसवायचं. मग दुधाची पावडर कालवून गढूळ केलेल्या पाण्याच्या टाकीत एकेकाला सोडायचं. पाण्याखाली एक छोटा पाट लपवलेला असतो. उंदीर पोहत पोहत तो शोधतो, जागा लक्षात ठेवतो, दुसऱ्या दिवशी लवकर पोहोचतो. कोण विसरतं, एवढंच बघायचं होतं.

सगळे पांढरे, एकासारखा एक. ओळखायचे कसे? शेपटीवर मार्करने रेघ — लहरीवाल्यांना लाल, बाकीच्यांना निळी. उंदीर ती चाटून पुसतात, म्हणून दर तीन दिवसांनी नव्याने ओढावी लागते. मी भावाच्या लग्नाला साताऱ्याला गेले आणि हळदीपासून सत्यनारायणापर्यंत चांगला आठवडा काढला. रेघा कुणाला ओढायला सांगितल्या नाहीत. टिकतील की, म्हटलं. परत आले तर पिंजरे धुताना शिपायाने उंदीर एकत्र केलेले आणि शेपट्या कोऱ्या.

तेव्हा काय करायला हवं होतं? गाईडना सांगून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर्षभराचं काम गेलं असतं. मी काय केलं — थांबा, सांगते — मी उंदीर टाकीत सोडले. जे पाट विसरले होते त्यांना लाल रेघ ओढली. ज्यांना आठवला त्यांना निळी. आणि प्रबंधात लिहिलं, लहरींनी उंदरांची स्मरणशक्ती कमी होते. निकाल इतका स्वच्छ आला की गाईडनी पाठ थोपटली.

लहरींनी खरंच काही होतं का? मला माहीत नाही. माझ्या प्रयोगातून तर कुणालाच कळणार नाही.

इथपर्यंत सगळं कागदावर होतं. मग आम्ही विरारजवळच्या गिरीज गावात राहायला आलो, घरमालकीण फिलूमावशींच्या घरात, वरच्या मजल्यावर. मावशी साठीच्या. केळीची वाडी एकहाती सांभाळायच्या, चर्चमधल्या निम्म्या लोकांचे वाढदिवस त्यांना तोंडपाठ. एक दिवस त्या गॅसवरचा भात विसरल्या. मग शेजारणीचं नाव. नेमका त्याच सुमारास पलीकडच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला होता. त्यांचा मुलगा नेल्सन वर आला. "मॅडम, तुम्ही यातलं शिकलेल्या. आईला डॉक्टरकडे नेऊ, की हे त्या टॉवरचंच आहे?"

टॉवरचंच, मी म्हणाले. माझ्या उंदरांचं अगदी असंच झालं होतं. इतकी वर्षं तेच सांगून सांगून ते मला खरं वाटायला लागलं होतं का? नाही हो. बोलताना मला कोऱ्या शेपट्या दिसत होत्या. "मला माहीत नाही" एवढे तीन शब्द तोंडून निघाले नाहीत, कारण त्यांच्यामागून पुढचा प्रश्न आला असता: मग प्रबंधात काय लिहिलंत?

नेल्सनने आईची खाट मागच्या खोलीत हलवली, टॉवरच्या बाजूची खिडकी बंद करून टाकली. असं दीड वर्ष. मावशी चर्चहून येताना स्वतःच्याच आळीत हरवल्या, तेव्हा कुठे त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्ततपासणीत थायरॉईड निघाला, विसरणं त्याचंच. रोज सकाळी एक गोळी, बस. पण डॉक्टर नेल्सनला म्हणाले, फार उशीर केलात, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. नेल्सनने मान खाली घातली. मी त्याच्या शेजारी उभी होते. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला रेघांपेक्षाही जास्त लाज वाटते.

मावशी आता बऱ्या आहेत — बऱ्याशा. नातवाचं नाव दोनदा विचारतात. माझं तर त्यांना आठवतच नाही. पण अंगणात कुणी आलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "या मॅडमनीच आम्हांला टॉवरचं सांगितलं. नाहीतर आम्हांला काय कळलं असतं?" हे मात्र त्या एकदाही विसरलेल्या नाहीत. मग वाडीतल्या केळ्यांची फणी माझ्या हातात ठेवतात.

गेल्या रविवारीही ठेवली. नेल्सन तिथेच होता. मी फणी घेतली आणि हसून म्हणाले, त्यात काय मावशी, माझं कामच ते.