दिव्याची बांगडी

पंचाहत्तर साली सात रस्ता चौकात एक रेडिओ दुरुस्त करणारा मनगटात जाड बांगडी घालून बसायचा. बांगडीवर इवलासा दिवा, त्याची वायर कमरेच्या डबीत. मी कॉलेजात होते. अक्कल सोडून सगळं होतं. रेडिओ टाकायला गेले आणि विचारलं, "बांगड्या भरल्या का हो?"

"बायकोला ऐकू येत न्हाय, ताई. लेकरू रडलं की दिवा लागायला पायजे. तिच्या हातात घालायच्या आदी मलाच चटका बसतोय का बगतो." मग म्हणाला, "जरा लेकरासारखं रडून दाखवा की."

मी भर रस्त्यात भोकाड पसरलं. दिवा ढिम्म. त्यानं डबीतला स्क्रू पिळला. "परत." पुन्हा ढिम्म. लोक जमले. तिसऱ्यांदा मला लाजेनं खरंच रडू आलं, आणि दिवा लागला.