कापसाचा ढीग आणि आत्याचा उजवा हात

मला तुकडे जोडून चित्र करायचा नाद आहे. घरातली पोरं हसतात. म्हणतात, एवढी तापट बाई या खेळापुढं गरीब गाय कशी होते? खरं सांगायचं तर मी मुळात उतावळी. उकळायला वेळ लावला म्हणून दुधावरसुद्धा ओरडणारी. पण या खेळातली घाई माझ्या आत्यानं एका उन्हाळ्यात मोडून काढली.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी अकरा वर्षांची. आम्ही खामगावात राहायचो. आत्याचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच होती आणि गल्लीभरच्या बायकांचे झंपर शिवायची. त्या वर्षी तिला मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा मिळाली. उन्हाळ्यानंतर शाळा उघडली की रुजू व्हायचं होतं. आणि नेमकी होळीच्या सुमाराला ती न्हाणीत घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण बोटं वळेनात. सुई धरायला जावं तर सुई खाली. बीबीहून, म्हणजे तिच्या सासरच्या गावाहून, दिरांचा निरोप आला, आता नोकरी कसली करता, इकडंच या. त्या घरात काय होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण निरोप आला त्या दिवशी ती जेवली नाही. जागा गेली की बीबी, एवढं मलाही कळत होतं.

डॉक्टरांनी औषधाऐवजी एक कापडी पिशवी दिली. आत लाकडाचे रंगीत तुकडे, दोनशेच्या आसपास. त्यांच्या भावानं विलायतेहून मुलांसाठी पाठवलेला खेळ. खोका आणि त्यावरचं चित्र केव्हाच हरवलेलं. "उजव्या हातानं एकेक तुकडा उचलायचा आणि बसवायचा," डॉक्टर म्हणाले. "चित्र झालं की मला दाखवा."

"चांगलं चित्र कापून ठेवलं, अन् आता म्हन्ते जोडा!" घरी येताना आत्या धुसफुसली. "काऊन कापलं मंग?"

मला मात्र त्या पिशवीनं झपाटलं. एक तुकडा दुसऱ्यात अडकतो आणि तिसऱ्यात नाही, हे कोण ठरवतं? कशाचं चित्र असेल? पहिल्याच दिवशी मी सगळे तुकडे जमिनीवर ओतले आणि तासाभरात रडकुंडीला आले. आत्यानं तेवढ्यात एकही तुकडा जोडला नव्हता.

"असं कोनी निवडते काय वं?" असं म्हणून तिनं सूप आणलं. तूरडाळ निवडायला बसावं तशी भिंतीला टेकून बसली. आधी सगळे तुकडे उताणे केले. मग रंग पाहून चार ताटल्या केल्या. एका बाजूला सरळ कडेचे तुकडे वेगळे. तिची कापड बेतायची फळी होती, तिच्यावर चित्र मांडायचं आणि जेवणवेळेला फळी उचलून खाटेखाली सरकवायची. काम सकाळी, ऊन तापायच्या आत, दाराच्या उजेडात. आणि तुकडा बसत नसेल तर ठोकायचा नाही, बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, ही बाई विलायतेला असती तर!

पांढरे तुकडे सगळ्यात जास्त निघाले. ते काय आहे याबद्दल घरात कुणाला शंकाच नव्हती. कापूस! शेजारणी येऊन बघून गेल्या, त्याही म्हणाल्या, कापूसच. आमच्या गावात पांढरा ढीग म्हटला की जिनिंगचं आवार, दुसरं काय असणार? म्हणून पांढरं खाली, जमिनीवर मांडलं. निळं आभाळ वर. मधल्या लाल तुकड्यांना आत्या म्हणाली, कौलारू गोदाम. हिरवं ते बाभळीचं बन. आठ दिवस गेले आणि पांढऱ्याची कड काही लागेना.

नवव्या दिवशी आत्या एक पांढरा तुकडा डोळ्यांजवळ धरून बसली.

"हा कापूस नाही," ती म्हणाली.

"मग काय?"

"कापसात काडीकचरा असते. पातीचा चुरा असते. इथं पाह्य, एक कन नाही. अन् कापसाची सावली निळी पडते काय कुठं?"

मी तुकडा घेतला. खरंच, कडेला निळसर झाक होती. आणि एकदम मला भूगोलाच्या पुस्तकातलं हिमालयाचं पान आठवलं. "आत्या, बर्फ! डोंगरावरचा बर्फ!"

दोघींनी बर्फ कधी पाहिला नव्हता. पांढरं उचलून वर, आभाळाला लावलं आणि पहिलाच तुकडा खट्ट बसला. आत्या एवढी हसली की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "आठ दिवस डोंगराले जिनिंगमध्ये कोंबून राह्यलो होतो," ती डोळे पुसत म्हणाली. होळीपासून तिला हसताना मी पाहिलंच नव्हतं.

ते हसणं पुन्हा यावं म्हणून मी शहाणपणा केला. दुपारी ती झोपली की मी खाटेखालून फळी ओढायची आणि बर्फाचे दहा-बारा तुकडे गुपचूप जुळवून ठेवायचे. काही तर बरोब्बर त्यांच्या जागेशेजारी ठेवायचे, म्हणजे डाव्या हातानं जरा ढकललं तरी बसतील. "आज तं भराभर जमून राह्यलं वं!" ती म्हणायची. मला आनंदानं गुदगुल्या व्हायच्या. चार दिवसांत डोंगर झाला, गोदाम समजलो होतो ते लाल घर झालं, चित्र पुरं झालं.

फळी घेऊन आम्ही डॉक्टरांकडं गेलो. ते खूश झाले. मग त्यांनी टेबलावर काडेपेटीतली एक काडी ठेवली. "उजव्या हातानं उचला."

आत्याची बोटं काडीवरून घसरली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा काडी टेबलाखाली पडली.

"चित्र झालं, मग बोटं अशी कशी?" डॉक्टरांनी विचारलं. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तुले चित्र पाहिजे होतं. मले माहा हात पाहिजे होता." मग तिचा आवाज फुटला. "बीबीले कोन जाईन, तू जाशीन?"

मी एवढी रडले की मला उचक्या लागल्या. तिनं जवळ घेतलं नाही. फळी उचलली, सगळं चित्र सुपात उलटं केलं आणि डावा हात कमरेला खोचलेल्या पदरात अडकवला. मला समोर बसवलं. "हात मांडीखाली घाल."

त्यानंतर मला तुकड्याला हात लावायची बंदी. उजेड कमी पडला तर दार उघडायचं, ताटली तिच्या उजव्या हाताला सरकवायची, पाणी द्यायचं, एवढंच. मी हातावर बसून बघत राहिले. तुकडा उचलला जायचा, सुटायचा, पुन्हा उचलला जायचा. पहिल्या दिवशी सात तुकडे. मला दिसत असायचं तो कुठं बसणार ते, आणि जीभ चावून मी गप्प. गंमत म्हणजे चारेक दिवसांनी मला चित्रापेक्षा तिच्या बोटांचंच कुतूहल लागलं. आज अंगठा थोडा जास्त वळला. आज करंगळी मध्ये येत नाही. ती न चिडता बसायची, म्हणून मीही बसू लागले. डोंगर दुसऱ्यांदा कधी पुरा झाला ते मला आठवतसुद्धा नाही.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी आत्या नवं लुगडं नेसून दारात बसली. हातात सुई आणि दोरा. दोऱ्याचं टोक ओलं केलं, नेढ्याजवळ नेलं, हुकलं. पुन्हा नेलं, पुन्हा हुकलं. माझा हात आपोआप पुढं झाला.

"मांडीखाली," ती मान वर न करता म्हणाली.

मी हात मांडीखाली घातले. तिसऱ्या खेपेला दोरा नेढ्यातून पलीकडं गेला. आत्यानं गाठ मारली, सुई पदराला टोचली आणि शाळेत गेली.