दोन माणसांची होडी

शिरवळच्या एका कारखान्यात मी फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचो. ते काम सोडून सांगलीकडे, कृष्णाकाठच्या आमच्या गावी परतलो. शेती भावाकडे होती, माझ्या हातांना काही सुचेना. म्हणून गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होडी बांधायला घेतली. दोन्ही टोकांना निमुळती, एका वल्ह्यानं चालणारी, कनू म्हणतात तशी. आतून प्लायवूड, वरून फायबर. पहिली घाटावरच बुडाली, गाव पोटभर हसलं. दुसरी तरंगली. तिच्यात मागं मी आणि पुढं एक, एवढीच माणसं मावायची. मला तेवढीच हवी होती.

मग महापूर आला. मळ्यातल्या घराच्या पत्र्यावर एक म्हातारं जोडपं अडकलं होतं. मोटरबोट पलीकडच्या गावाला गेलेली. मी माझी होडी घेऊन पोचलो. काकांनी काकींना हाताला धरून खाली उतरवलं. मी म्हटलं, लगेच येतो.

"सावकाश ये," काका म्हणाले. "मी कुठं जातोय?"

काकींना शाळेच्या पायऱ्यांवर उतरवलं. माझी बोटं गारठून वळत नव्हती. तिथं सगळ्यांसाठी चहा उकळत होता. काकींनीच एक पेला आणून माझ्या हातात दिला. तो मी पायरीवर बसून प्यालो. पाच मिनिटं, फार तर सात.

परत गेलो तेव्हा पत्रा पाण्यात तिरका पडला होता. खालची मातीची भिंत गेली होती. उसाच्या शेंड्यांवरून होडी फिरवत मी हाका मारत राहिलो. काका चौथ्या दिवशी सापडले, पाणी उतरल्यावर.

होडी मी शेडमध्ये पालथी घातली. पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण मोटरबोट नव्हती तिथं ती पोचली, काकींना घेऊन आली, हे भागात पसरलं होतं. वाळव्याकडची काही माणसं आली. त्यांना पुढच्या पावसाआधी होडी हवी होती. मी नाही म्हणून सांगितलं. तेव्हा बायकोनं पहिल्यांदाच होडीची बाजू घेतली. गुऱ्हाळात गूळ उकळायच्या काहिलीशिवाय पुरात माणसं काढायला त्यांच्याकडं काही नाही, असं ती म्हणाली. म्हणून बांधली. रुंद, सहा माणसांची, टोकांना हवाबंद कप्पे असलेली. मग कराडकडून दोन होड्यांची मागणी आली, मग कोयनेच्या जलाशयात पर्यटकांना फिरवणाऱ्यांची. इस्लामपूरहून दोन कारागीर येऊ लागले. शेड वाढवली. लोक म्हणतात, छंदाचा धंदा झाला. मला ते ऐकवत नाही.

प्रत्येक नवी होडी आधी मी एकटा नदीत घालून पाहतो. पुढची फळी रिकामी असते, तरी होडीचं नाक किंचित खाली दबतं. काठाला येऊन सगळी मापं पुन्हा घेतो. काही चूक सापडत नाही.

काकी अधूनमधून शेडमध्ये यायच्या, बाकावर बसायच्या आणि न बोलता जायच्या. त्या मला जाब विचारायला येतात, असं मला दोन वर्षं वाटत होतं. एका दुपारी कारागीर जेवायला गेले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "च्या मीच दिला हुता तुला. घोटभर पिऊन जा म्हणलं. लय येळा त्योच पेला दिसतो बघ."

माझ्या हातातला पॉलिशपेपर थांबला. ती पाच मिनिटं माझ्या एकट्याची आहेत, असं मी धरून चाललो होतो.

"काकी, तुमी निस्ता दिला," मी म्हणालो. "बसून पिलो मी."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

आता त्या रोज येतात. वल्ह्यांना वॉर्निश लावायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय. बोलणं फारसं होत नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आम्ही दोघंही उठतो आणि तयार असतील तेवढ्या होड्या शेडबाहेर काढून ठेवतो.