सुखदेवरावांची शब्दांची शीट

सुखदेवराव स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ, एक शाल आणि भरपूर वेळ मिळाला. घड्याळ वर्षभरात बंद पडलं, शाल प्रभावतीबाईंनी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली. वेळ तेवढा टिकला. मूळ गाव मूर्तिजापूरकडचं. पण नोकरीची शेवटची अठरा वर्षं जयपूरच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर गेली, मग जयपुरातल्या मानसरोवर भागातच फ्लॅट घेतला आणि मुलगा, सून, नात यांच्यासह तिथेच स्थिरावले.

नात हर्षाली सहावीत. तिला स्क्रॅबलचं वेड. सोसायटीत दर हिवाळ्यात जोड्यांची स्पर्धा होते. एक नातवंड आणि एक ज्येष्ठ, असा नियम. नातवंड स्वतःचंच हवं असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे हिंदुराव, निवृत्त सुभेदार, मूळचे सातारचे, हेही उमेदवार होते. त्यांची नातवंडं पुण्यात होती आणि इंग्रजी मात्र इथे, त्यांच्याजवळ. हर्षालीने आजोबांना स्पष्ट सांगितलं, शनिवारी आणि रविवारी तुम्ही दोघं एकेक डाव खेळा, दोन्ही डावांचे गुण जास्त ज्याचे, तो माझा पार्टनर.

सुखदेवरावांना नातीशेजारच्या त्या खुर्चीत बसायचं होतं. इतकी इच्छा त्यांनी बढतीचीही धरली नव्हती.

अडचण एवढीच, की त्यांचं इंग्रजी रेल्वेपुरतं होतं. लांब शब्दांच्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता. म्हणून हर्षालीने त्यांना छोट्या शब्दांची यादी दिली: क्यू, झेड, एक्स, जे अशी महाग अक्षरं असलेले आणि काही नुसते सोयीचे, दोन-तीन अक्षरी. सोसायटीच्या नियमाप्रमाणे अर्थ सांगता आला नाही तर शब्द उचलावा लागतो, म्हणून सुखदेवरावांनी प्रत्येकापुढे मराठीत अर्थ लिहिला. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातलं जनावर. एक्स-यू म्हणजे व्हिएतनामचं नाणं. ए-आय म्हणजे झाडाला उलटा लटकणारा एक आळशी प्राणी. बाकीच्या जगाला त्या दोन अक्षरांचा वेगळाच ताप आहे, पण तो त्यांनी वहीत घेतला नाही. जे-ओ म्हणजे स्कॉटलंडात लाडकं माणूस.

आठवडाभर ते रोज संध्याकाळी हर्षालीशी सराव खेळले. सोमवारी हरले ते थोडक्यात. बुधवारी बरंच जास्त. शुक्रवारी तर दाणादाण उडाली. सरावाने माणूस सुधारतो असं म्हणतात; सुखदेवराव सरावाने संपत चालले होते.

शनिवारी हिंदुरावांनी त्यांना एकोणीस गुणांनी हरवलं. मिशीवरून हात फिरवत, पण सभ्यपणे. ते खाली गेल्यावर हर्षाली सोंगट्या आवरू लागली आणि थांबली. आजोबांच्या सोंगट्यांच्या पट्टीवर क्यू आणि आय शेजारी शेजारी पडून होते.

"आजोबा, हे लावलं का नाही? मतलब, तुम्हाला येतो हा शब्द. सोमवारी लावला होता तुम्ही."

"म्हणूनच," सुखदेवराव म्हणाले आणि वही उघडून दाखवली.

वहीतला क्यू-आय पट्टी लावून खोडला होता. समोर तारीख, वेळ, आणि 'हर्षाली' अशी नोंद. झेड-ओ खोडलेला, एक्स-यू खोडलेला. शुक्रवारपर्यंत यादीत न खोडलेले चार-पाच शब्द उरले होते, तेही कुचकामी.

मग त्यांनी नातीला समजावलं. एका स्टेशनने गाडी पाठवायची तर पुढच्या स्टेशनचा मास्तर फोनवर लाइन मोकळी असल्याचं सांगतो आणि खात्रीसाठी आपल्याकडच्या छापील आकड्यांच्या शीटवरचा एक आकडा देतो. दिला की तो खोडायचा, समोर गाडीचा नंबर लिहायचा. खोडलेला आकडा पुन्हा वापरायचा नाही, कारण मग तो आत्ताचा निरोप की मघाचा, हे कोणी सांगावं? एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही आकडा परत दिला नव्हता. त्यांच्या हद्दीत गाड्या उशिरा आल्या, समोरासमोर आल्या नाहीत.

प्रभावतीबाई मटार सोलता सोलता वहीत डोकावल्या. जे-ओवरची रेघ आणि पुढचा अर्थ त्यांनी नीट वाचला.

"काहून हो, लाडकं माणूसही एकदाच वापराचं?"

सुखदेवरावांनी वही मिटली. काही प्रश्नांना लाइन क्लिअर द्यायची नसते, हे त्यांना संसारात कळलं होतं.

खेळात शब्द कितीही वेळा चालतो, हे हर्षालीने तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान डोलावली. तिला ती मान ओळखीची होती. वडलांशी वाद घालतानाही आजोबा तशीच डोलवत आणि मग मनासारखं करत. तेव्हा तिने वेगळाच प्रश्न विचारला: शीट संपल्यावर काय करायचे?

"नवीन मिळायची. वरून. सीलबंद."

रविवारी सकाळी हर्षालीने त्यांना एक पाकीट दिलं. आत तिच्या हिंदी शाळेच्या वळणाच्या देवनागरीत अख्खी यादी, अर्थांसकट, एकही रेघ नसलेली. पाकिटाला तिने डिंक लावला होता. सुखदेवरावांनी ते तपासलं, फोडलं आणि पोचपावती म्हणून मागे सही केली.

दुपारच्या डावात हिंदुरावांनी सुरुवातीलाच सात अक्षरी शब्द लावला आणि पाणी मागवलं. पुढे अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या एका चौकटीवर सुखदेवरावांनी क्यू आणि त्याला आय असे टेकवले, की आडवे-उभे दोन्हीकडून मोजून साठाच्या वर गेले. सुभेदारांनी चष्मा लावला.

"अर्थ?"

"चिनी लोकांच्या मते अंगातली शक्ती. माणूस चालतो तिच्यावर."

"मग काल कुठं गेल्ती?"

"काल शीटवर खोडलेली होती."

हिंदुरावांना हे पटलं की नाही कळलं नाही. थोड्या वेळाने झेड-ओ आला, तेव्हा मात्र त्यांनी अर्थ विचारलाच नाही. लडाखला असताना त्याच जनावरावर त्यांनी दोन हिवाळे रसद चढवली होती. उलट ते जनावर किती हट्टी, यावर दहा मिनिटं बोलले आणि बोलता बोलता आपली चांगली जागा घालवून बसले.

दोन्ही डाव मिळून सुखदेवराव चार गुणांनी पुढे निघाले. हर्षालीने बेरीज दोनदा केली, हिंदुरावांनी एकदा. "झालं तर," ते उठत म्हणाले. "पुढल्या वर्षी माझी नातवंडं आणतो पुण्यास्नं. मग बघू तुमचं शीटफीट."

संध्याकाळी सुखदेवरावांनी पट्टी घेतली, वापरलेले शब्द एकेक करून खोडले, समोर तारीख आणि 'सुभेदार' असं लिहिलं, आणि शीट नातीकडे परत केली. स्पर्धेत तीन फेऱ्या होत्या. तीन पाकिटं लागतील, म्हणाले.

हर्षालीने आळस दिला. पहिल्याच फेरीत हरलो तर दोन फुकट जातील, तिने मांडलं.

"गाडी येवो न येवो," सुखदेवराव म्हणाले, "शीट टेबलावर पाहिजे."

ती डिंक शोधायला उठली.