हंसाबेनचा फुदिना आणि दुपारची हाक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं हे सदर वाचतेय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भूत-चेटूक काढलं की त्या मुलाशी वाद घालायला मला मजा यायची. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास बसलाय असं मी म्हणणार नाही... पण जे झालं ते झालं. पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. नावं बदलली आहेत.

माझं माहेर वाणगाव. लग्नानंतर आम्ही तलासरी तालुक्यात, धुंदलवाडीच्या पुढे एका पाड्यावर भाड्याने राहायला आलो. माझी शाळा जवळ आणि मिस्टरांची कंपनी उंबरगावच्या बाजूला, शिफ्टची नोकरी. घर जुनं होतं. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर कौलं.

शेजारी हंसाबेन. नवरा वारलेला, मुलगी उंबरगावात दिलेली, घरात एकट्याच. माहेर गुजरातचं, त्यामुळे इतकी वर्षं इथे काढूनही मराठीच्या मध्ये ‘ने’ आणि ‘छे’ यायचंच. चहा मात्र असा करायच्या की बास. आमच्या भागात चहात फुदिना आणि गवती चहा हवाच. हंसाबेन फुदिना कधी उकळू द्यायच्या नाहीत. चहा उतरवल्यावर पानं चुरडून टाकायच्या आणि झाकण ठेवायच्या.

मला घरचा फुदिना हवा होता. बाजारातल्या जुडीच्या काड्या पाण्यात ठेवून मुळं आणली, कुंडीत लावल्या, आणि एप्रिलच्या उन्हात सगळ्या करपल्या. दोनदा असंच झालं. मग हंसाबेनने स्वतःच्या वाफ्यातला मुळासकट एक फुटवा उपटून दिला आणि सांगितलं की कुंडीचं खूळ सोड, मोरीचं पाणी जातं तिथे कुंपणाशी लाव. तिथे तो असा पसरला की विचारू नका. मग रोज शाळेतून आल्यावर मी पानं खुडायची, चहा करायची आणि कुंपणावरून एक कप पलीकडे द्यायची. माझी मुलगी स्वरा तर त्यांच्याच अंगणात वाढली.

भांडण झालं तेही फुदिन्यावरूनच. त्यांच्या कोंबड्या वाफा उकरायच्या, म्हणून मी कुंपणाला हिरवी जाळी बांधली. हंसाबेनला ते फार लागलं. ‘मी दिलेलं रोप, ने मलाच आडवी जाळी?’ एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मला वाटलं दोन दिवसांत निवळेल. पण पावसाळा सरला तरी बोलणं बंद ते बंदच. स्वराला मात्र मी कधी तिकडे जायला अडवलं नाही.

त्याच वर्षी, २०१८ च्या दिवाळीनंतर, आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. पेपरात तुम्ही वाचलं असेल. वाचणं वेगळं आणि राहणं वेगळं... आधी जमिनीखाली दगडांचा ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची, कौलं सरकायची. शाळेत आम्ही मुलांना अंगणात बसवून शिकवायचो. रात्री सगळा पाडा ताडपत्रीखाली थंडीत झोपायचा. हळूहळू अशी सवय लागली की बस गेली तरी माणसं उठून उभी राहायची. झोप कुणालाच नव्हती. दिवसा मात्र रांधायला घरात जावंच लागायचं.

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. मिस्टर कामावर होते. दुपारी मी चहा टाकला होता आणि स्वरा स्वयंपाकघरातच, मागच्या भिंतीला टेकून चटईवर चित्रं काढत बसली होती. तेवढ्यात कुंपणाकडून हंसाबेनची हाक आली.

‘सुनीता, थोडा फुदिनो घेऊन बाहेर ये ने.’

एकदम स्पष्ट, अगदी पूर्वीसारखी. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकत होते. मी भास समजले असते, पण स्वरा खडू टाकून उठली. ‘आई, हंसामावशी बोलावतेय,’ म्हणाली आणि बाहेर पळाली. मी गॅस बंद करून तिच्या मागे गेले.

हंसाबेन कुंपणापाशीच होत्या, एका हाताने जाळी वर धरून. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, ‘शू थयू? काय झालं, का हाक मारलीस?’

मी म्हटलं, ‘मी कुठे? तुम्हीच बोलावलंत ना?’

त्यांनी ‘नाही’ म्हणून मान हलवली. आणि तेवढ्यात खालून तो आवाज आला.

आजवरच्या धक्क्यांपेक्षा तो मोठा होता. आम्ही कुंपणाची तार धरून तशाच खाली बसलो, स्वरा आमच्या दोघींच्या मध्ये. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आत कोसळली होती. चटई विटांखाली गेली होती. हंसाबेनच्या घराची कौलं त्यांच्या खाटेवर पडली होती. पाठ दुखते म्हणून त्या आडव्या झाल्या होत्या आणि माझी हाक ऐकून उठल्या होत्या. ‘हंसाबेन, चहा गाळलाय, या,’ असं मी म्हटलं म्हणे, दोनदा.

मी म्हटलं नव्हतं. चहा अजून उकळलासुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. हंसाबेनच्या मते सगळी माताजीची कृपा. त्यांनी नारळ फोडला आणि विषय संपवला. मिस्टर म्हणाले, धक्क्याच्या आधी बारीक आवाज होतात, मेंदू त्याचे शब्द बनवतो. ठीक आहे. पण दोघींच्या मेंदूंनी एकमेकींचे आवाज बनवले? आणि स्वराच्याही?

इथपर्यंत मी बऱ्याच जणांना सांगितलंय. पुढचं फक्त मिस्टरांना माहीत आहे.

साधारण महिन्याभराने हंसाबेनला त्यांची मुलगी उंबरगावला घेऊन गेली. भिंत अजून तशीच पडलेली होती आणि आम्ही अंगणात ताडपत्रीखाली राहत होतो. एका दुपारी मी बाहेर बसून वह्या तपासत होते. स्वरा शेजारी झोपली होती. तेव्हा हाक आली, ती आमच्याच घरातून. पडलेल्या स्वयंपाकघरातून.

‘सुनीता, आत ये ने. चा थंडी होते.’

मी उठले. दोन पावलं टाकलीसुद्धा. मग आठवलं की हंसाबेन इथे नाहीत. फोन लावला तर त्या नातवाला भरवत होत्या, मागे टीव्हीचा आवाज येत होता. मी इकडचं-तिकडचं बोलून फोन ठेवला, स्वराला उचललं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. धक्का आला नाही. काहीच झालं नाही. संध्याकाळी मिस्टर आत जाऊन पाहून आले. आत विटांशिवाय काही नव्हतं.

आम्ही ते घर सोडलं. आता डहाणूला फ्लॅटमध्ये राहतो. पहिल्या हाकेने आम्हाला वाचवलं हे मला मान्य आहे. पण दुसरी हाक कशासाठी होती, हे मला कळत नाही. दोन्ही वेळा आवाज तोच होता... माझं नाव घेण्याची पद्धतही तीच.

एक गोष्ट मिस्टरांनाही सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. त्या दुपारी घरातून हाक आली तेव्हा, हंसाबेन मुलीकडे गेल्यात हे आठवायच्या आधी, सवयीने माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं होतं.

‘आले,’ असं म्हटलं होतं मी.