हात न लावणाऱ्या मॅडम

जयमाला मॅडम आमच्या उंद्रीच्या प्राथमिक शाळेत बदलून आल्या आणि शाळेतली एकही वस्तू धड राहिली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चौथीच्या पोरांना कुलूप सुटं करून आत काय असतं ते बघायला लावलं. कुलूप माझ्या कपाटाचं. मी, नीळकंठ गुरुजी, या शाळेतला सगळ्यात जुना मास्तर, पण मला विचारतो कोण? पोरांनी कुलूप पुन्हा जुळवलं खरं, पण तेव्हापासून ते गावातल्या कुठल्याही किल्लीनं उघडतं.

‘‘मॅडम, हे अभ्यासक्रमात कुठं बसतं?’’ मी विचारलं.

‘‘कार्यानुभवात,’’ त्या शांतपणे म्हणाल्या.

आमच्या लेखी कार्यानुभव म्हणजे कागदाची फुलं. यांचं भलतंच. आधी काय बनवायचं ते ठरवा, चित्र काढा, मग बनवा, आणि बिघडलं तर का बिघडलं ते तुम्हीच शोधा. स्वतः मात्र पोरांच्या कामाला बोट लावणार नाहीत. पोर रडकुंडीला आलं तरी बाई शेजारी बसून विचारणार, ‘‘तुले काय वाटते, काऊन असं झालं?’’ पगार घ्यायचा आणि प्रश्न पोरांवरच सोडायचे, ही पद्धत मला काही पटत नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत मारुतीपुढच्या तोरणाखाली आणतात. चौथीतल्या समतानं ठरवलं, आपला बैल दोरीशिवाय चालवायचा. चपलेच्या तळाची चाकं, सायकलच्या तारेचा आख, पोटाखाली ट्यूबची रबरी पट्टी. पट्टीला बांधलेला दोरा आखाला गुंडाळून बैल सोडला की रबर दोरा ओढायचं आणि बैल पुढे पळायचा.

नवी चप्पल कापलेली पाहून तिचे वडील हिंमतराव तडक शाळेत आले. ‘‘चपला कापाले धाडतो काय मी हिले? पोळा झाला का चिखलीच्या इंग्रजी शाळेत टाकतो.’’

‘‘मले नाही जायचं,’’ समता त्यांच्या मागून म्हणाली.

‘‘इथं काय शिकली ते तोरणाखाली दिसनच. मंग पाहू.’’

समतानं शाळेच्या ओट्यावर बैल चालवायला सुरुवात केली. आधी तो उजवीकडे अंगणात पडायचा. तिनं आख थोडा वाकवला, पुन्हा वाकवला, आणि बैल नाकासमोर चालू लागला. माझा जीव भांड्यात पडला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी तिला विचारलं, ‘‘दुसरीकडं चालवून पाह्यला काय?’’

‘‘चालते ना मॅडम,’’ म्हणत समता बैल घेऊन घरी पळाली.

‘‘मारुतीपुढं तो डावीकडे जाईल,’’ मॅडम मला म्हणाल्या.

‘‘का?’’

‘‘तुम्हाला काय वाटतं?’’

मी चिडलो. ‘‘मला जाऊ द्या, तिला सांगा. पोरगी हातची जाईल.’’

‘‘सांगितलं तर बैल सरळ जाईल, पण तिनं शोधायचं राहून जाईल.’’ बोलताना त्यांची नजर समता गेली त्या वाटेवरच होती. समता गेली तर सगळ्यात जास्त त्यांनाच लागणार होतं, हे मला तेव्हा कळलं. तरी राग गेला नाही. आणि घरी जाताना डोकं खाजवत राहिलो: सरळ चालणारा बैल डावीकडे का जाईल?

तो डावीकडेच गेला. मारुतीपुढच्या सपाट फरशीवर समतानं बैल सोडला, त्यानं तोरणाकडे पाठ फिरवली आणि पूजेला आलेल्या सत्यभामाबाईंच्या ताटात शिरला. लोक पोट धरून हसले. बक्षीस बाजारातून आणलेल्या सोनेरी शिंगांच्या बैलाला मिळालं.

‘‘चाल घरी,’’ हिंमतराव म्हणाले.

समतानं ऐकलंच नाही. तिनं बैल उलट्या दिशेनं सोडला. पुन्हा डावीकडे. ‘‘म्हंजे जागेचा दोष नाही, बैलातच हाय. मंग शाळेत काऊन सरळ जाये?’’ ती शाळेकडे पळाली. मागे हिंमतराव, त्यांच्या मागे आम्ही.

ओट्यावर बैल सरळ गेला. मग तिनं तोच बैल दुसऱ्या टोकाकडून सोडला, तर तो धाडकन अंगणात. ती खाली बसून फरशीकडे बघत राहिली.

‘‘बाबा, ओटाच तिरपा हाय. म्या ओट्याच्या हिशोबानं आख वाकवला.’’

हिंमतरावांनी उकिडवं बसून फरशीवर तळहात ठेवला. ‘‘शाळा समितीत होतो तवा पाणी निथरावं म्हून उतार मीच ठेवाले लावला होता,’’ ते हळूच म्हणाले. तोवर तिनं आख सरळ करून बैल समोरच्या रस्त्यावर सोडला. तो रेघेत गेला. हिंमतराव स्वतः चालत जाऊन त्याला उचलून घेऊन आले.

‘‘मॅडम, चिखलीत असं शिकवतेत काय?’’

मी डोळ्यांनी खुणावत होतो, नाही म्हणा, नाही म्हणा.

‘‘मला माहीत नाही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण इंग्रजी तिथं आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात.’’

मी कपाळावर हात मारला.

हिंमतरावांनी बैल पोरीच्या हातात दिला. ‘‘मंग तुमी इंग्रजी शिकून घ्या, मॅडम. पोरगी इथंच राहीन.’’